थोपटणारा हात

बाळाच्या डोक्यावर टोपी चढवणं वाटतं तितकं सोपं काम नाही. मोठ्या माणसाला हलू नका म्हणून सांगता येतं. सहा महिन्यांच्या जिवाला काय सांगणार? त्यात ही टोपी लोकरीची नव्हे. जाळीदार, ताणणारी, आतून बत्तीस चकत्या लावलेली, आणि प्रत्येक चकतीतून एकेक वायर निघून मागे वेणीसारखी गुंफलेली. प्रत्येक चकतीखाली गार जेलचा थेंब सोडायचा, जावळ बाजूला सारायचं, पडद्यावरचा ठिपका हिरवा होईस्तोवर श्वास रोखून थांबायचं. बत्तीसही ठिपके हिरवे झाले की समोरच्या स्पीकरमधून आवाज सुरू व्हायचा: बा, बा, बा, बा, गा. पुन्हा बा, बा, बा, गा. अशी सहा मिनिटं. तो बदललेला 'गा' बाळाचा मेंदू कसा टिपतो, त्याच्या लहरी त्या वायरींमधून कंप्युटरवर उमटायच्या.

हे काम मावशी पाच वर्षं करत होत्या. बाळांच्या बोलण्यावर संशोधन करणाऱ्या त्या केंद्राच्या साऱ्या इमारतीत त्या 'टोपीवाल्या मावशी'. लहरींचं गणित मांडणारा तरुण इंजिनिअर, ज्याला सगळे लहरीवाला म्हणत, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या मावशी रोज लोकांच्या पोरांना टोप्या घालतात आणि लोक वर त्यांचे आभार मानून जातात." मावशी हसायच्या. उत्तर द्यायच्या नाहीत. मुळात त्या बोलायच्याच कमी.

सकाळी उठल्यावर नाम झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत. पहाटेचं झालं तरी दिवसभर ते आत चालूच असायचं, कामात, जिन्यात, भाजी निवडताना. तीन अक्षरी नाम आणि मग श्वासाएवढा विसावा. आईच्या मांडीवर बाळ कुरकुरू लागलं की मावशी मागच्या स्टुलावर बसायच्या आणि बोटांनी त्याच्या पाठीवर हलकेच थोपटायच्या. हात आपोआप नामावर पडायचा. टप, टप, टप, आणि विसावा. भलं मोठं भोकाड पसरलेलं पोरसुद्धा दोन मिनिटांत डोळे मिटमिट करू लागायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "थोडं थोपटलं तर चालेल का हो?" बाई कसल्याशा कागदांत होत्या. "चालेल, डोकं हलू देऊ नका म्हणजे झालं," म्हणाल्या. विषय तिथंच संपला. नोंदीच्या कागदावर 'बाळ शांत' आणि 'बाळ अस्वस्थ' असे दोनच रकाने होते. थोपटल्यावर बाळ शांत व्हायचं, म्हणून मावशी 'शांत' वर खूण करायच्या. त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

पहिल्या दोन वर्षांतली बाळं वर्षापूर्वी तीनचार वर्षांची झाली होती. कोण घडाघडा बोलू लागलं, कुणाची वाचा अडली, हे कळलेलं होतं. लहरीवाल्यानं ते सगळं मशीनला शिकवलं. या लहरी बोलणाऱ्यांच्या, या न बोलणाऱ्यांच्या, यांतला फरक तूच शोध. मशीननं शोधला. मग नवं बाळ आलं की मशीन जोखमीचा शंभरातला आकडा सांगू लागलं. आकडा मोठा तर लाल चिठ्ठी, लहान तर हिरवी. लाल चिठ्ठीवाल्यांतल्या वरच्या बाराजणांना तळमजल्यावरच्या, पोरांना बोलतं करणाऱ्या वाचावर्गात जागा मिळायची. वर्ग बाळाचं वर्ष भरायच्या आत सुरू व्हायला हवा, तरच त्याचा खरा उपयोग, असं बाईंचं ठाम मत होतं, आणि पुढची तुकडी आठ महिन्यांनी.

हिरव्या चिठ्ठ्या मावशी स्वतः द्यायच्या. देताना एकच वाक्य म्हणायच्या, "काळजी मिटली हो बाळाची." आया त्यांच्या पाया पडायच्या.

तशीच एक हिरवी चिठ्ठी त्यांनी पाच महिन्यांपूर्वी स्वतःच्या भाचीला दिली होती.

भाची म्हणायला भाची. बहीण गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून तिची वेणी मावशींनीच घातली. तिचं बाळ जन्मल्यापासून शांत. भूक लागली तरी ओठ हलवायचं, रडायचं नाही. रात्री उठवायचं नाही. तिच्या सासूबाई कौतुकानं त्याला 'शहाणा' म्हणू लागल्या आणि तेच नाव चिकटलं. शहाणा हसायचा, नजर लावायचा, दार वाजलं की मान वळवायचा. कान तपासले, उत्तम होते. पण अकरावा महिना सरला तरी त्याच्या तोंडून 'मम' नाही, 'बाबा' नाही, नुसता 'अ' सुद्धा नाही. शेजारचं त्याच्याच वयाचं पोर दिवसभर कावळ्यासारखं कलकलत असायचं.

"त्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता," सासूबाई म्हणायच्या. "आणि आता त्याला गप्प बसवायला माणूस ठेवावा लागेल. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

"आई, तुम्ही मागच्या खेपेला दोन वर्षं म्हणाला होतात," भाची म्हणाली.

"दोन काय न तीन काय. बोलला ना शेवटी?"

वाचावर्गासाठी तिनं केलेला अर्ज परत आला. त्यावर शिक्का होता: 'आकडा आठ. जोखीम नाही.' तो कागद घेऊन ती थेट मावशींच्या खोलीत आली आणि टोप्या धुवायच्या टबाशेजारी उभी राहिली.

"मावशी, तुझ्या त्या मशीनला सांग, आठ म्हणजे काय ते एकदा माझ्या घरी येऊन बघ म्हणावं. मी सकाळपासून त्याच्याशी बोलते. घसा बसतो माझा. तो माझ्या ओठांकडे असं बघतो जसं काही मी काचेपलीकडे आहे. वर्ष भरायला अठ्ठावीस दिवस राहिलेत."

मावशींनी ओले हात पुसले आणि बाईंकडे गेल्या. बाईंनी कागद पाहिला, थोडा विचार केला. नियमात एकदा फेरनोंद बसत होती. "गुरुवारी अकराला घ्या. त्याच दिवशी चारला यादी लागेल. भाची असली म्हणून काय झालं, तुमच्याच हातानं घ्या. तुमच्याइतका स्थिर हात कुणाचाय?"

हे झालं सोमवारी. मंगळवारी दुपारी लहरीवाल्यानं त्यांना हाक मारली.

"या, या मावशी. तुम्हाला दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. पुढच्या आठवड्यात तीनशे माणसांपुढं बोलायचंय मला. मशीन नेमकं कशाकडे बघून लाल म्हणतं, ते आता बाहेर काढता आलंय." त्यानं पडद्यावर एक लांबलचक रेघ आणली. "ही न बोलणाऱ्या पोरांची. डोक्याच्या मागच्या चकत्यांवर बघा. बारीक, अगदी बारीक उंचवटे. बोलणाऱ्यांत नाहीत हे. कुणीच आजवर पाहिलेली नाही ही लय. दोनतृतीयांश सेकंदाला एक, असे तीन. मग पोकळी. पुन्हा तीन." त्यानं पेन उचललं आणि टेबलावर वाजवून दाखवलं. टप, टप, टप. थांबला. टप, टप, टप.

मावशींच्या ओठांनी ते नाम पुरं केलं. त्यांना कळायच्या आतच केलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"मी याला अडलेल्या वाचेची लय म्हणणारे. नाव बरंय ना? तुमच्या टोप्या इतक्या नेटक्या नसत्या तर हे दिसलंच नसतं. आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं."

मावशी आपल्या खोलीत आल्या, दार लावलं आणि नोंदवह्या काढल्या. पहिल्या दोन वर्षांची पानं. सकाळच्या वेळा कुणाला दिल्या होत्या? जवळपास राहणाऱ्यांना, बाळं न्हाऊन, पोटभर पिऊन, ताजी आलेली. आणि दुपारच्या? ज्यांचं मोठं भावंड खाली वाचावर्गात यायचं त्यांना. सकाळभर त्या आया खाली मोठ्या मुलासोबत बसत, आणि मग धाकट्याला घेऊन वर येत. तोवर त्या बाळाची झोप मोडलेली, भूक वेळेवर भागलेली नाही, ते किरकिरं झालेलं. ते रडायचं. मावशी थोपटायच्या. पुढे त्याच घरांतली पोरं जास्त अडली, कारण घरात ते होतंच. मशीनला घरं दिसत नव्हती. त्याला दिसला होता तो मावशींचा हात.

म्हणजे वर्षभर लाल चिठ्ठी मिळत होती ती रडणाऱ्याला. आणि मुकाट पोराला कोण थोपटणार? मुकाट ते सगळं हिरवं.

त्यांनी हिरव्या चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती मोजल्या. दोनशे बारा. काळजी मिटली हो बाळाची, काळजी मिटली हो बाळाची. त्यांनी डोळे मिटून नाम घ्यायचा प्रयत्न केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्यांना आतून ऐकू आलं नाही. टेबलावर पेन वाजल्यासारखं बाहेरून ऐकू आलं. देवा, तुझंच नाव रे. दुसऱ्या कशानं हे बिघडलं असतं तर मी समजू शकले असते.

बुधवारी सुट्टी टाकून त्या भाचीकडे गेल्या. सासूबाई पलीकडच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. भाची ओट्यापाशी होती, शहाणा जमिनीवर एक झाकण फिरवत बसला होता. ते फिरायचं थांबलं की तो आईकडे बघायचा आणि पुन्हा फिरवायचा. आवाज फक्त झाकणाचा.

मावशींनी सगळं सांगितलं. हळू, न अडखळता, एकही गोष्ट न गाळता. भाचीनं गॅस बंद केला.

"म्हणजे तू थोपटलंस की लाल."

"हो."

"न थोपटलंस की हिरवं."

"बहुतेक तसंच."

भाचीनं ओट्यावरचं पातेलं झाकलं. मग अगदी साध्या आवाजात, मीठ दे म्हणावं तसं, ती म्हणाली, "मग थोपट ना."

"अगं..."

"काय जातं तुझं? आजवर हजारांना थोपटलंस. परक्यांना. माझ्याच पोराच्या वेळी तुझ्या हाताला काय झालं?"

"तो रडला नाही गं."

"माहितेय मला तो रडत नाही," भाची म्हणाली, आणि मग तिला रडू आलं, आवाज न करता, मुलासारखंच. "रडला असता तर मला बरं वाटलं असतं."

"बाराच जागा आहेत. तो आत गेला की कुणीतरी बाहेर पडेल."

"पडू दे. तेही पोर खोट्या आकड्यानंच आत आलंय ना? तूच म्हणालीस. मग कोण कुणाचं हिसकावतंय?"

मावशींनी झाकण उचलून शहाण्याला दिलं. त्यानं ते घेतलं, त्यांच्याकडे बघून गोड हसला, आणि काही म्हणाला नाही.

गुरुवारी अकराला त्यांनी त्याला टोपी घातली. इतकं निमूट बाळ त्यांनी पाहिलं नव्हतं. गार जेल लागलं तेव्हा त्यानं फक्त खांदे उचलले. बत्तीस ठिपके हिरवे झाले. बा, बा, बा, गा. भाची त्याला मांडीवर घेऊन समोर बघत बसली होती. मावशी स्टुलावर, दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर. सहा मिनिटं संपली. फाइल बंद झाली.

"झालं?" भाचीनं विचारलं.

"झालं."

"नाही थोपटलंस तू."

मावशींनी नोंदीच्या कागदावर 'बाळ शांत' वर खूण केली.

"पुन्हा घे. मावशी, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय? फ्रॉकसुद्धा तू आणशील तो घातला. पुन्हा घे." तिनं मागे न बघता हात नेला, मावशींचा हात चाचपून धरला आणि ओढून शहाण्याच्या पाठीवर ठेवला. मग त्यावर आपला हात तसाच दाबून धरला.

पाठ कोवळी, कोमट. मावशींनी बटण दाबलं. बा, बा, बा, गा. हात चालू लागला. नाम न घेता हलवता येतो का, हे त्यांनी बघितलं. नामाशिवाय हात आंधळा होत होता, ठोके मागेपुढे पडत होते. मग त्यांनी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि नाम घेतलं. टप, टप, टप. शहाण्यानं मान मागे टाकून आईच्या छातीला टेकवली. सहा मिनिटं. भाचीच्या गालावरून पाणी ओघळून त्याच्या टोपीवर पडत होतं आणि एकतिसाव्या चकतीचा ठिपका मध्येच पिवळा होत होता.

दोन फाइली घेऊन मावशी लहरीवाल्याकडे गेल्या. भाची बाहेर बाकावर बसली.

पहिली त्यानं मशीनमध्ये घातली. "नऊ." दुसरी घातली. "एक्याण्णव." तो हसला. "हे काय? मधल्या पाच मिनिटांत मेंदू बदलून आणला की काय बाजारातून?" मग हसू विरलं. "मावशी, यातली खरी कोणती?"

"दोन्ही नाहीत."

त्यांनी त्याचं पेन उचललं आणि टेबलावर वाजवलं. तीन, आणि थांबल्या. तीन, आणि थांबल्या. मग पेन खाली ठेवून नुसत्या हातानं, हवेत, बाळाची पाठ समोर असावी तसं करून दाखवलं.

त्याला लगेच कळलं. हुशार पोरगा होता, तेवढं मान्य करायला हवं. त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि डोकं दोन्ही हातांत धरलं.

"पाच वर्षं," तो म्हणाला. "मावशी, मी पाच वर्षं तुमच्या हाताचा अभ्यास केला."

"चूक माझी."

"लहरींतले मोठे धक्के काढून टाकायची व्यवस्था मीच केली होती. हे इतकं हलकं... इतकं हलकं कोण थोपटतं?" मग तो सावरला, दाराकडे बघून आवाज खाली आणला. "हे अजून कुणाला माहितेय?"

"माझ्या भाचीला."

"ऐका माझं. दुसरी फाइल ठेवू. बाळाला जागा मिळेल. तुमचा जीव शांत होईल. मी सोमवारचं भाषण उरकतो आणि मग आतल्या आत सगळं दुरुस्त करतो. सहा महिने लागतील. कुणाला कळणार नाही, कुणाचं बिघडणार नाही."

"दोनशे बारा हिरव्या दिल्यात मी," मावशी म्हणाल्या. "सहा महिन्यांत ती पोरं केवढी होतील, मोज बरं."

मोजायचं काम त्याचंच होतं.

मावशी बाहेर आल्या. घड्याळात अडीच वाजले होते. भाची त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उठली, आणि त्या यादीच्या फळ्याकडे न वळता डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे वळल्या तेव्हा तिनं त्यांचा दंड धरला.

"तिकडं कुठं?"

"बाईंकडे."

"दुसरी दिलीस ना?"

"नाही दिली."

"उद्या सांग." भाचीचा आवाज खाली आला, इतका खाली की तिला स्वतःला तरी ऐकू आला की नाही. "मी सांगू नको म्हणत नाही. सांगच तू. पण उद्या. आज चारला यादी लागू दे, मग उद्या सकाळी जाऊन सगळं सांग. एक दिवसानं कुणाचं काय अडतं? मावशी. एक दिवस."

एक दिवस खरंच काही फार नव्हता. मावशींनी पाच वर्षं घालवली होती, त्यात एक दिवस. त्या उभ्या राहिल्या. शहाणा आईच्या कडेवरून त्यांच्या नाकाकडे बघत होता. उद्या यादी लागलेली असेल, आणि त्यात त्याचं नाव असेल, आणि मग उद्याही त्या असंच म्हणतील की आणखी एक दिवस. स्वतःला त्या ओळखून होत्या. आजवर खोटं बोलल्या नव्हत्या, ते काही मोठ्या निश्चयाच्या होत्या म्हणून नव्हे. एवढ्या गरजेचं खोटं आजवर समोर आलंच नव्हतं.

"हात सोड बाळा," त्या म्हणाल्या.

भाचीनं हात सोडला नाही. तो त्यांना सोडवून घ्यावा लागला, एकेक बोट करून.

बाईंनी सगळं ऐकलं. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी फोन उचलून म्हणाल्या, "यादी लावू नका," आणि फोन ठेवला.

"तुम्ही मला विचारलं होतंत," त्या म्हणाल्या. "थोपटलं तर चालेल का म्हणून. मला आठवतंय. मी मान वरसुद्धा केली नव्हती."

"आता कसं करणार, बाई?"

"जागा जुन्या पद्धतीनं भरायच्या. घरात कुणाला तसा त्रास होता का, यावर. आणि हिरव्या चिठ्ठ्या दिलेल्या सगळ्यांना परत बोलवायचं. एकूणएक."

जुनी पद्धत म्हणजे काय ते मावशींना ठाऊक होतं. भाचीच्या घरात तसं कुणीच नव्हतं. बाप उशिरा बोलला एवढंच, आणि तेही सासूबाईंच्या जिभेवरचं; त्याला कागद नव्हता.

मग त्यांनी ते केलं जे त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि हात जोडले. "एक जागा द्या. मी कधी काही मागितलं नाही. मी उद्यापासून बाराही पोरांची शी-शू काढीन, फरशी पुशीन. त्या पोराला काहीतरी आहे, बाई. मी हजार पोरं पाहिलीत. मला दिसतंय."

"मावशी, बसा." बाईंचेही डोळे भरले होते. "कशाच्या आधारावर देऊ? तुमच्या डोळ्यांवर? मला पटतंय तुमचं. पण परत येणाऱ्या दोनशे बारांत प्रत्येक आई हेच म्हणेल, मला दिसतंय. आणि त्यांचंही खरं असेल."

मावशी बाहेर आल्या तेव्हा बाक रिकामा होता.

पुढचे पंधरा दिवस त्या टोपी घालत नव्हत्या. फोन करत होत्या. यादी समोर, बोट एकेका आकड्यावर. "मी टोपीवाली मावशी बोलतेय. ती हिरवी चिठ्ठी धरू नका. बाळाला घेऊन या." कुणी घाबरायचं, कुणी रागवायचं. एकीनं विचारलं, "मग तेव्हा काळजी मिटली म्हणाला होतात ते?" मावशी म्हणाल्या, "चुकले." एकीनं फक्त फोन ठेवला. एकजण म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता, आणि मावशींना तोच सगळ्यांत सहन झाला नाही. नाम परत आलं होतं, पण ते आता त्या बसून घेत. हात मांडीखाली दाबून.

भाचीनं त्यांचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं, कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. त्या आत जाऊन शहाण्यासमोर जमिनीवर बसल्या. घरी काय करायचं, ते त्यांनी बाईंना विचारून घेतलं होतं: त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं, तो ज्याकडे बघेल त्याचं नाव एकदाच घ्यायचं आणि मग थांबायचं. मनात दहा मोजायचे. त्याला बोलायला जागा करून द्यायची. त्यानं काही केलं तर हसायचं, नाही केलं तर पुन्हा.

रोज कामावरून सुटल्यावर त्या जाऊ लागल्या. शहाणा वाटीकडे बघे, त्या म्हणत, "वाटी." थांबत. तो दाराकडे बघे. "दार." थांबत. सासूबाई एकदा म्हणाल्या, "हा काय पोराचा वर्ग म्हणायचा की मौनव्रत?" कुणी हसलं नाही. भाची आतल्या खोलीतून कपडे आणून घड्या घालत बसायची, पाठ करून. शहाण्याचं वर्ष भरलं. तेरावा महिना लागला. वर्गाच्या बारा जागा भरल्या आणि खालून 'बा बा' चा गलका वर ऐकू येऊ लागला. लहरीवाल्यानं भाषण दिलं नाही. मशीनला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं ठरलं, आणि तोवर त्याच्याकडे कुणाबद्दलच काही सांगण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी शहाणा मावशींच्या चष्म्याकडे बघत होता. "चष्मा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्याचे ओठ किंचित विलग झाले. आठ, नऊ, दहा. ओठ मिटले. त्या पुढे झुकून पुन्हा म्हणाल्या, "चष्मा."

"तू फार भरभर मोजतेस," मागून आवाज आला.

सहा आठवड्यांत भाची त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. मावशींनी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती उठून जाईल असं वाटलं.

"त्याला जास्त वेळ लागतो," भाची म्हणाली. "मी बघितलंय. वीस मोज."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला आणि येऊन बसली, मावशींशेजारी नाही, शहाण्याच्या पलीकडे. मावशींनी चष्मा काढून मध्ये ठेवला. दोघी मोजू लागल्या, आपापल्या मनात. शहाणा चष्म्याकडे बघत होता, मग आईकडे, मग मावशींकडे, आणि पुन्हा चष्म्याकडे. खोलीत काही आवाज नव्हता. वीस झाले तरी दोघींनी पुन्हा शब्द उच्चारला नाही, पुढे मोजत राहिल्या.